शेवटच्या कर्ण्याचा तक्ता

७ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून शिस्त. पहाटे पाच ते आठ बायबल. कॉफी एकदाच.

प्रश्न साधा आहे. पौल करिंथकरांना लिहितो, शेवटचा कर्णा वाजला की मेलेले उठतील. प्रकटीकरणाच्या पुस्तकात कर्णे सात, आणि ते जगाच्या अंताच्या ऐन महासंकटात वाजतात. मी म्हणतो, आपण विश्वासणारे संकटाआधीच वर स्वर्गात जाणार. झाहारियादादा म्हणतो, शेवटचा म्हणजे सातवा, तेव्हा संकट भोगूनच जाणार. यावरून चार वर्षं आम्ही सख्खे भाऊ बोलत नाही. एकच गाव, एकच चर्च, दोन टोकांचे बाक.

काल पाळकांनी तंबी दिली. ३ नोव्हेंबरच्या प्रभुभोजनाआधी समेट करा, नाहीतर दोघांनाही भाकर नाही. मी डीकन, पाळकांचा मदतनीस, भाकरीचं ताट मीच फिरवतो. शोभा होईल.

आधी वचनांचा मेळ घालतो. भावांचा आपोआप बसेल.

१० ऑक्टोबर
तक्ता सुरू. उरलेल्या वॉलपेपरच्या पाठीवर, सव्वादोन मीटर. लाल पेन सापडेना. साव्हेता म्हणाली, अहो, हिवाळ्यासाठी साठ किलो कोबी आंबवायला पिंपात भरायचाय, बायको एकटी किती चिरेल? पेनाशिवाय काम अडलंच होतं, तरी नाही म्हणालो. एकदा उठलं की सवय लागते.

१५ ऑक्टोबर, सकाळी ७:४०
चौथी कॉफी. सापडलं. शेवटचा म्हणजे सातातला शेवटचा नव्हेच, छावणी हलवताना सैन्याला देतात तो इशारा. दादा संपला.

१०:१५
पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं दुसरं पत्र आडवं आलं. तिथे म्हणे आपण वर जायच्या आधी अधर्मी पुरुष प्रकट होणार. पौलाला भेटल्यावर विचारणार आहे.

२० ऑक्टोबर, रविवार
दादा चर्चच्या बँडचा प्रमुख. चाळीस वर्षं कर्णा फुंकतो, म्हणून त्याला वाटतं त्यातलं त्यालाच कळतं. साव्हेतापाशी म्हणाला, शेवटचा म्हणजे शेवटचा, त्यानंतर वाजवणारे घरी जातात. अडाणी उत्तर. दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

२५ ऑक्टोबर
आज दादाकडे जाणारच होतो. बूटही घातले. मग दानिएलाच्या भविष्यवाणीतले सत्तर आठवडे आठवले, त्यांना तक्त्यात जागाच ठेवलेली नाही. बूट काढले. नवा कागद.

३० ऑक्टोबर, बुधवार
दादा दारात आला. प्रभुभोजनाआधी सगळे घरोघर माफी मागत फिरतात, तसाच आला असणार. मी आतूनच साव्हेताला म्हणालो, सांग, शनिवारी ये, तक्ता पुरा होईल. ती परत आली. म्हणाली, ते म्हणतायत आधी म्हण, नंतर म्हण, तुझंच खरं, पण दोन मिनिटं बाहेर ये.

पुरावा न बघता कबूल होणारा माणूस उद्या फिरतो. गेलो नाही. पडद्याआडून बघितलं. टोपी हातात घेऊन वीस मिनिटं उभा होता. वारा होता. म्हातारा दिसायला लागलाय.

२ नोव्हेंबर, शनिवार
मेळ बसला! एकवीस वचनं, एकही उरलं नाही. तक्ता बगलेत मारून दादाकडे गेलो. फाटकाला कुलूप. शेजारीण म्हणाली, गुरुवारीच गेले की, लेकाकडे स्पेनला, कायमचे. तुम्हाला नाही सांगितलं?

सांगितलं होतं, म्हणालो.

साव्हेताला धारेवर धरलं. ती म्हणाली, मलाही कुठे सांगितलं? भावाला माझ्याच तोंडाने सांगायचंय म्हणाले.

३ नोव्हेंबर, रविवार
ताट दुसऱ्याने फिरवलं. माझ्यापाशी आलं, तसंच पुढे दिलं. सगळ्यांनी बघितलं. लाज वाटली.

दुपारी साव्हेताने फोन लावून हातात दिला. म्हणाली, फक्त माफ कर म्हणा, बाकी काही नको. दादा म्हणाला, बोल रे. मी बोललो. सातव्या कर्ण्यापासून सुरुवात केली, एकविसाव्या वचनापर्यंत गेलो. पलीकडून नुसतं हं, हं. शेवटी म्हणाला, बरं, तुझंच बरोबर. जेवलास का?

जेवलो म्हणालो. जेवलो नव्हतो. त्याने फोन ठेवला.

चार वर्षांनी वाद जिंकलो. माफीचं तेवढं राहून गेलं. साव्हेता विचारतेय, परत लावू का. उद्या लाव म्हणालो. आज घसा बसलाय.