टबातली भरती-ओहोटी

१२ जानेवारी
संशोधनाला सुरुवात. विषय: भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या शिंपल्यांचं फलन आणि त्यावर परिणाम करणारे घटक. आमच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवणाऱ्या बाकीच्यांची मजल झेरॉक्सच्या पुढे नाही. शहापूरला समुद्र नाही, ही सामान्य माणसाची अडचण. बाजारातून चाळीस जिवंत शिंपले आणले. टब घरचा.

विकणारी ताराबाई म्हणाली, "सर, तानशाच्या धरणातले हायेत, गोड्या पान्यातले. मीठ घालाल तर जगायचे नाय."

अडाणी बाई. शिंपला म्हणजे शिंपला.

१३ जानेवारी, संध्या. ७
पौर्णिमाने परत कल्याणच्या डॉक्टरचं काढलं. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. तिच्या सगळ्या टेस्ट नॉर्मल, आता म्हणे माझी करायची. बायकोला सायन्स कळत नाही. मुख्य घटक अंड्यांचा दर्जा. नराचा प्रश्नच येत नाही. शेवटी पैज लागली. टबात एक जरी अंडं फलित झालं तर टेस्टचा विषय कायमचा बंद. नाही झालं तर मी कल्याणला जायचं. बिचारी.

१५ जानेवारी, पहाटे ५
दीड किलो खडेमीठ विरघळवलं. मगाने पाणी उपसलं की ओहोटी, ओतलं की भरती. रोज दोनदा, न चुकता.

१६ जानेवारी
भरती राहिली. मीटिंग होती.

१७ जानेवारी
शिंपले उघडलेत. अंडी सोडायची तयारी दिसते.

१८ जानेवारी
वास. पौर्णिमाने नाकाला ओढणी लावून विचारलं, फलनाला असाच वास येतो का.

१९ जानेवारी
चाळीसही मेले. मीठ भेसळीचं. ताराबाईने मालही शिळा दिला असणार.

२४ जानेवारी, कल्याण
लॅबच्या काउंटरवर रूपेश. माझाच विद्यार्थी, दोनदा नापास. बाटली हातात देऊन म्हणाला, सर, तासाच्या आत आणा, उशीर झाला तर शुक्राणू मरतात, तुम्हीच शिकवलंय. वर्गात कधी तोंड उघडलं नाही, इथे सगळ्या रांगेला ऐकवलं.

२७ जानेवारी
रिपोर्ट आला. शुक्राणू जवळजवळ नाहीतच.

पौर्णिमा मोरीत टब घासत होती. तिला शांतपणे समजावलं, की एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे.

ती मान वर न करता म्हणाली, "नऊ वर्षं माझ्या एकटीवरून काढलात की."

टबाचा वास अजून गेलेला नाही.