दगडाला पाणी पुरते

अमरावती, कार्तिक वद्य ३, शके १८५४

आजपासून माझे जेवण बाहेर, ओट्यावर. शेगडी, कोळशाची टोपली, ज्वारीचे पीठ — आणि दगड! चारुशीलेने उंबऱ्याच्या आतून तो सरकवला. "तवा मिळणार नाही. हा घ्या. दगडाला पाणी पुरतं."

बायको शास्त्र बोलली, आणि बरोबर बोलली. पाठशाळेत मीही हेच घोकले होते — दगडाचे भांडे नुसत्या पाण्याने शुद्ध होते. माणसाला मात्र पंचगव्य लागते.

दगड शंखजिऱ्याचा, तव्यासारखा सपाट. भेडाघाटाला गेलो तेव्हा हौसेने आणलेला. इतकी वर्षे लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून बसून होता. आता दोघेही कामाला लागलो.

अपराध असा — चांदूर बाजारला जानराव पाटलांच्या मळ्यात सहभोजन झाले. अस्पृश्य मंडळींच्या पंक्तीला बसलो, पोटभर जेवलो, आणि वर्तमानपत्राला धाडलेल्या बातमीत स्वतःचे नावही घातले. बातमीदाराने बातमीत जेवू नये!

वद्य ४

दगड तापेना. म्हणून निखारे वाढवले. मग तापला, तर भाकरीवर फिरवायचा पाण्याचा हात त्याच्यावरच पडला. तड्! कडेला केसाएवढी रेघ. भाकरी वर कच्ची, खाली कोळसा.

खिडकीतून अनुपमा — "नाना, त्याला आधी तेल लावा. सावकाश तापू द्या. तुमच्या लेखांसारखा एकदम पेटवू नका!"

मुलगी माझीच.

"खिडकीपासून बाजूला हो." हा आतून आईचा आवाज.

वद्य ९

जमले! तेल पिऊन दगड काळाभोर झाला आहे. उशिरा तापतो, पण एकदा तापला की निखारे विझले तरी भाकरी भाजत राहतो. वांग्याचे काप तर असे, की आत वरणभात जेवणाऱ्यांची कीव यावी. ती करतो आहे. एकटाच.

दुपारी जानराव आले. "काहून पंडितजी, आमच्या इथं जेवले त तुमाले घरातून काढलं?"

"घरातून नाही. फक्त ओट्यापर्यंत."

"मंग आमी बी बसतो जोडीले." बसले. अर्धी भाकरी खाल्ली. "मीठ जास्त झालं. पण माघार नोका घेऊ. पंक्तीतल्या त्या पोरायनं पेपरातलं तुमचं नाव साऱ्या वस्तीले वाचून दाखवलं."

वद्य १३

टपाल टाकून दुपारी परतलो. शेगडीत राख, दगडाचा मात्र हाताला चटका बसला! मी तर सकाळीच जेवून गेलो होतो. कडेला ताजे पीठ. कोण?

चारुशीला! सकाळी सोवळे, दुपारी माझ्याच दगडावरची चोरटी भाकरी! विचारले नाही. विचारले असते तर बंद केली असती.

मार्गशीर्ष शुद्ध ५

अकोल्याहून मेहुणे आले, मोरोपंत वकील. अनुपमाचे लग्न त्यांनीच जमवले — माघातले. व्याही बिथरले आहेत. "भावजी, प्रायश्चित्त घ्या. आणि पेपरात खुलासा द्या. हजर होतात, जेवला नाहीत."

"पण जेवलो की!"

"पोरीचं लग्न हवंय, की वांग्याचे काप?"

चारुशीला दारात रडत उभी. अनुपमाला कोणी काही विचारले नाही. मीही नाही.

शुद्ध ८

मिशी गेली. पंचगव्य घेतले. खुलासा धाडला — 'सदर बातमीदार पंक्तीस उपस्थित होता. भोजन केले नाही.' इतके शुद्ध मराठी आजवर लिहिले नव्हते.

आत पाटावर जेवलो. तूप वाढताना चारुशीला हसली. मी हळूच म्हटले, "आता दुपारची दगडावरची भाकरी बंद का?"

"कसली भाकरी?"

तिला खरेच ठाऊक नव्हते.

शुद्ध १२

खुलासा छापून आला. सायंकाळी जानरावांचा गडी निरोप घेऊन — "पाटलानं सांगितलं, त्या पोरायनं हे बी वाचलं."

एवढेच. पाणीही न घेता गेला.

मार्गशीर्ष पौर्णिमा

साखरपुड्याला अकोल्याहून व्याह्यांची मंडळी आली. पाने मांडली. अनुपमा कुठे? ओट्यावर, दगड तापवत! सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली — "रोज दुपारी मी याच दगडावर भाकरी करून खात होते. नानांच्याच पिठाची. प्रायश्चित्त घेणार नाही."

मंडळी न जेवता उठली. मोरोपंत टांग्यामागे धावले.

मी ओट्यावर गेलो. तिच्याशेजारी बसलो, भाकरीसाठी हात पुढे केला.

"आत जा, नाना. तुम्ही आता शुद्ध आहात."