निम्मी गोळी

३ फेब्रुवारी, सकाळी ७
स्वतःच्या हातानं बनवलेलं: सायकलच्या चेनवर चालणारं कॉइल गुंडाळायचं मशीन. टाकी भरली की आपोआप थांबणारा पंप. बायकोसाठी, नीलमसाठी, मोटरवरचं शेवयांचं मशीन (एकदाच चाललं). काल, गोळी निम्मी कापायचा अडकित्ता. तुकड्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही.
मला रक्ताचा कॅन्सर आहे. बेळगावच्या डॉक्टर राघवेंद्रांनी चित्र काढून सांगितलं: पेशीतलं एक प्रोटीन स्विचसारखं, ते ऑनवरच अडकलंय. सारखा 'वाढा' असा सिग्नल. गोळी त्याच्या खाचेत बसून सिग्नल तोडते. रोज एक. आयुष्यभर.
तीस वर्षं निपाणीत जळालेल्या मोटरींत नव्या कॉइल भरतोय. मला स्विच शिकवू नये. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर फुल लोड कशाला? निम्मी पुरे. निर्णय तांत्रिक. गोळ्यांच्या किमतीशी संबंध नाही.

२ मार्च
तब्येत एक नंबर. नीलमनं डबी हलवून विचारलं, अवो, ह्या सरंनात कशा? म्हटलं, टिकाऊ कंपनी हाय.

१९ मार्च
दवाखान्यातल्या ट्रस्टच्या अदितीनं फुकट गोळ्यांचा फॉर्म दिला. रकाना: 'गरजू रुग्ण'. खोडून 'स्वयंशिक्षित इंजिनिअर' लिहिलं. काका, असा पास होत नाही, म्हणाली. मग फॉर्म दुरुस्त करा, म्हटलं. मेव्हणा भरमू म्हणाला, दाजी, करा की सही, कोण बघतंय? मी बघतोय, म्हटलं.

४ मे
रिपोर्ट. कॅन्सरचं प्रमाण जानेवारीत ०.०८ टक्के, आता १४. लॅबचं मशीन कॅलिब्रेट केलेलं नसणार. त्यांना तसं सांगितलं. त्यांनी परत तपासलं. १४.२.

२१ मे
डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज घेता? रोज, म्हटलं. खरं आहे. अख्खी? मी पंख्याकडे बघितलं, बेअरिंग गेलंय. नीलमनं पर्समधून निम्मे तुकडे टेबलावर ओतले.
डॉक्टर ओरडले नाहीत. तेच वाईट. म्हणाले, दुसऱ्या तपासणीत कळलं, स्विचनं आकार बदललाय. ही गोळी आता खाचेत बसत नाही. नवी गोळी. रोज. अख्खी.
बसमध्ये संकेश्वरजवळ नीलम म्हणाली, तुमाला जगायचं हाय का इंजिनिअर व्हायचं हाय?
 

२३ मे
एकटाच ट्रस्टमध्ये गेलो. 'गरजू' सुवाच्य अक्षरात लिहिलं. अदितीनं हळूच सांगितलं, काका, मुदत एकतीस मार्चला संपली. आता पुढच्या वर्षी.
नोंदीसाठी. नाकारलेली ऑफर: लागेल ती गोळी, आयुष्यभर, फुकट. नव्या गोळीचा भाव: महिना ११,६४० रुपये.