यजमानाची सही

प्रिय रूझिम,

शावतच्या सीमानाक्यावरून तुमच्या बाजूला कांदे नेणाऱ्या गाडीवानाच्या हाती हे पत्र देत आहे. ते घरात वाचू नकोस. अंगणात जा, एकटा बस आणि वाच. हे फोनवर बोलता आले असते तर मी पत्राचा हा लांबचा वळसा घेतला नसता. परंतु तुमचा फोन तुझ्या आईच्या उशाशी असतो आणि तिला नीट ऐकू यावे म्हणून तुम्ही तो मोठ्या आवाजात लावता. मी चार इयत्ता शिकलो. पाचवीच्या वर्षी वडील गेले आणि पाटीऐवजी कापसाची झोळी गळ्यात आली. तथापि जी अक्षरे शिकलो ती जुन्या रशियन वळणाची असून आजही सरळ येतात. तूही शाळेत त्याच अक्षरांत शिकलास. म्हणून वाचता आले नाही, ही सबब चालणार नाही.

इकडील सर्व ठीक आहे. थंडी लवकर आली. द्राक्षाच्या वेली गारठू नयेत म्हणून खाली उतरवून मातीत पुरल्या. कालव्याचे पाणी बंद झाले. गुडघा दुखतो, पण तो माझ्याच वयाचा असल्याने त्याला दोष देत नाही. शेजारी रोज विचारतात, "मतरसूल आगा, इतक्या लवकर कसे परतलात? बहिणीकडे शेवटपर्यंत राहणार होतात ना?" मी सांगतो, व्हिसाची मुदत संपली. हे उत्तर खोटे नाही. ते पुरते खरेही नाही, एवढेच.

तुझ्या आईचे लग्न झाले तेव्हा मी तिला सामूहिक शेतीच्या मालमोटारीत, रजयांच्या ढिगावर बसवून तुझ्या वडिलांच्या दारी आणले. वाटेत एक कालवा लागला, भुंकणारी दोन कुत्री लागली. सीमा लागली नाही. तेव्हा दोन्हीकडे एकच देश होता. माझी आई म्हणाली होती, "बिकाजानला जवळच देऊ, हाक मारली तर ऐकू येईल." आज तुझ्या छपरावरून माझ्या गावची पॉपलरची झाडे दिसतात, आणि तुझ्या दारी येण्यासाठी मला निमंत्रण लागते, छायाचित्रे लागतात, व्हिसा लागतो, तोही मोजून दहा दिवसांचा. याबद्दल माझी तक्रार नाही. सरकारे आपले दरवाजे आपल्या सोयीने बांधतात. ते निमंत्रण तू तुझ्या नावाने काढलेस, त्याबद्दल मी तेव्हाच आभार मानले होते. ते आभार परत घेत नाही.

मी आलो तेव्हा बिकाजान उठून बसली. डॉक्टरांनी तिला घरी पाठवले होते, ते का पाठवले हे तिला ठाऊक होते. तिने माझी मेंढीच्या कातड्याची टोपी हातात घेतली आणि म्हणाली, "दादा, अजून हीच घालतोस? मेंढीसुद्धा ओळखायची नाही आता." मग हसली, आणि हसताना पोटाला हात लावला. त्या रात्री तू जेवण वाढत असताना, तुझ्या आणि तुझ्या बहिणीच्या, इनोबातच्या, समोर, ती म्हणाली, "मी जाईपर्यंत थांब. माझे डोळे तू मिट. मुलांना ते जमायचं नाही, त्यांचे हात थरथरतात." तूच म्हणालास, "आई, त्यात काय अवघड? मुदत वाढवून घेऊ. निमंत्रण माझं, तेव्हा मलाच जावं लागेल. उद्याच जातो." तिने तुला जवळ बोलावून तुझ्या कपाळाचे चुंबन घेतले. तुझे वय पन्नाशीपार आहे. तरी तू लहान मुलासारखा वाकलास. मला ते आवडले होते.

दुसऱ्या दिवशी तू पासपोर्ट मागून घेतलास. तिसऱ्या दिवशी चहा ओतताना विचारलेस, "मामा, आई तुमच्याशी दिवसभर काय बोलत असते? घराबद्दल काही?" मी म्हणालो, जुन्या गोष्टी. तू माझी वाटी काठोकाठ भरलीस. पाहुण्याची वाटी काठोकाठ भरली की त्याला 'आता निघा' असे सांगितले जाते, हे आपल्याकडे पोरालाही कळते. मी मनात म्हटले, थकलेला आहे, हात चुकला असेल. आपल्यात मरणाऱ्या बाईचा शेवटचा शब्द तिच्या भावासमोर बोलला जातो आणि मग तो शब्द कोणी मोडीत नाही. इनोबात नवऱ्यामागे माहेरी परतली असून मागच्या दोन खोल्यांत राहते, हेही मला ठाऊक होते. या दोन गोष्टी मी एकत्र जोडल्या नाहीत. भाच्याच्या घरी बसून असले हिशेब मांडणे मला शोभले नसते.

नंतर तू पासपोर्ट रुमालात गुंडाळून परत दिलास आणि म्हणालास, "काम झालं, मामा. निवांत राहा." यजमानासमोर तो उघडून पाहणे म्हणजे त्याच्या तोंडावर तू खोटा आहेस असे म्हणणे, म्हणून मी तो तसाच आतल्या खिशात ठेवला. एकटा असताना उघडला. तुमच्याकडची नवी अक्षरे मला येत नाहीत. शिक्का दिसला. गोल होता, निळा होता, आकडे पुसट होते. मी आलो त्या दिवशीचा शिक्का आहे हे मला समजले नाही. मी त्यालाच मुदतवाढ समजलो. पुढचे सर्व दिवस मी तुला एकदाही विचारले नाही. पाहुण्याने आपण किती दिवस राहणार हे विचारायचे नसते आणि यजमानाने तो कधी जाणार हे विचारायचे नसते. तुझ्या आजोबांनी आम्हाला हेच शिकवले होते. तू त्याचा उपयोग करून घेतलास.

व्हिसाचा शेवटचा दिवस होता. तुझ्या आईला झोप लागली म्हणून मी इनोबातला सहज म्हणालो, बाई, तू शिकलेली आहेस, मला कधीपर्यंत राहता येईल ते पाहून सांग. तिने पाने उलटली. पुन्हा उलटली. म्हणाली, "मामा, यात वाढीव मुदत कुठेच नाही. आजचाच दिवस आहे." तिच्या तोंडाचा रंग मला आठवतो. मी टोपी घातली आणि तिच्यासोबत कार्यालयात गेलो. खिडकीतल्या तरुणाने मला 'आजोबा' म्हटले, बसायला खुर्ची दिली, मग कागद पाहून म्हणाला, "तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. काळजी करू नका, घरात आजारपण असलं की मुदत मिळते. ज्यांच्या नावाचं निमंत्रण आहे त्यांना घेऊन या. त्यांची सही लागेल. आम्ही पाचपर्यंत आहोत." किती साधी गोष्ट होती, रूझिम. एक सही. मी बाकावर बसलो. इनोबात तुला फोन लावीत राहिली. प्रथम फोन वाजत होता. नंतर तो बंद झाला. तो तरुण पाचनंतरही थोडा वेळ खिडकी उघडी ठेवून बसला. परका माणूस होता.

संध्याकाळी तू मटणाची पिशवी घेऊन आलास आणि आईच्या उशाशी बसून म्हणालास, "काय सांगू, आई. आज पुन्हा गेलो होतो. नाहीच म्हणाले. नियम म्हणजे नियम." मी समोर बसलो होतो. माझ्या अंगाला त्या बाकाचा गारवा अजून होता. इनोबातने माझ्याकडे पाहिले. बिकाजाननेही पाहिले आणि विचारले, "खरंच नाही म्हणाले, दादा?" मी होय म्हणून मान हलवली. मरणाऱ्या आईसमोर तिच्या पोराला खोटे पाडण्याइतका मी निर्दय नाही. राहून जावे, असेही एकदा मनात आले. परंतु परवान्याशिवाय राहिलो तर दंड तुझ्या घराला, आणि मला कायमची बंदी. शिवाय चोरून राहण्याची मला सवय नाही. त्याच रात्री, मुदत संपण्याआधी निघालो. ती म्हणाली, "सरकारपुढे तू काय करणार?" त्या एका समजुतीवर ती शांत होती.

एक गोष्ट तुला सांगणे माझे कर्तव्य आहे. त्या सर्व दिवसांत तुझी आई घराबद्दल एक शब्दही बोलली नाही. भिंतींविषयी नाही, खोल्यांविषयी नाही, कोणाला काय द्यावे याविषयी नाही. आमच्या गावची एक बाई बदकांना नावे घेऊन हाका मारायची, तिची नक्कल करीत ती हसायची. तुझ्या वडिलांनी लग्नात उलटा बूट घातला होता, ते सांगायची. तू लहानपणी किती उशिरा बोलायला लागलास, तेही सांगायची. खोल्या इनोबातला द्या, या ज्या शब्दाला तू घाबरलास तो शब्द तिच्या मनातच नव्हता.

आता हे पत्र का लिहिले ते सांगतो. इनोबातला राहवले नाही आणि तिने आईला सर्व सांगून टाकले, हे तुला कळले असेलच. तेव्हापासून दोन दिवस बिकाजान तुझ्या हातचे सूप घेईना, तोंड भिंतीकडे करून पडून राहिली, हेही इनोबातनेच मला कळवले. शुक्रवारी तिने फोन मागून घेतला आणि मला विचारले, "दादा, खरं बोल. रूझिमने अर्जच दिला नाही म्हणतात. तो तुला ठेवून घ्यायला तयार नव्हता का?" मी म्हणालो, इनोबातचा गैरसमज आहे. मीच त्याला अर्ज देऊ नको असे बजावले होते. आजाऱ्याजवळ बसून बसून मला कंटाळा आला होता, घरची आठवण येत होती. तिने सर्व ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे तू मला टाकून गेलास." मी म्हणालो, होय. तिने फोन ठेवला आणि त्यानंतर माझा फोन घेतलेला नाही. इनोबात सांगते, त्या संध्याकाळी तिने तुझ्या हातचे सूप घेतले. ती तुझ्या घरात आहे. तिला उठवायचे, बसवायचे, धुवायचे ते तुझ्या घरच्यांनी. भाऊ नसला तरी माणूस मरू शकतो. ज्याच्या हातून पाणी घ्यायचे त्याचाच विटाळ वाटू लागला तर ते मरण फार लांबते. म्हणून तुला बजावतो. उद्या तुझे मन तुला खाऊ लागेल आणि तिचे पाय धरून खरे सांगावे असे वाटेल. सांगू नकोस. ती मोकळीक तुला मिळणार नाही. तिने माझे नाव काढले तर तोंड फिरवू नकोस, तिच्या डोळ्यांत पाहून म्हण, "होय आई, मामा आपल्या मर्जीने गेला." ती जितक्या वेळा विचारील तितक्या वेळा म्हण.

तुझ्या आईचाच,
मतरसूल