टॉवेल-टोपीच्या जागी कादंबरी

मामंजी,

तुम्हाला मी जन्मात कधी पत्र लिहिलं नाही. एका घरात राहणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं? तुम्ही होऊन विचारलंत तरच समोर उत्तर, एरवी जे सांगायचं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंना सांगायची आणि त्या ओसरीवर येऊन तुम्हाला सांगायच्या, तुम्ही ते आधीच ऐकलेलं असलं तरी. आज मधल्या माणसाशिवाय लिहितेय. कारण तसं क्षुल्लक आहे. परवा पुण्याहून एका मुलाचा फोन आला. माझी पहिली कादंबरी त्याला आता ऐकण्यासाठी काढायची आहे, म्हणजे कुणीतरी ती मोठ्याने वाचणार आणि लोक भांडी घासताना, रस्त्याने चालताना ती कानात घालून ऐकणार. छापायचं नाही, बांधायचं नाही, एसटीच्या टपावर गठ्ठे टाकायचे नाहीत. मी होय-नाही करतेय तोवर तो म्हणाला, "आजी, लेखिकेचं नाव नेमकं कसं उच्चारायचं ते तुमच्या आवाजात बोलून पाठवा." मी फोन तोंडाशी धरला आणि नाव काही बाहेर पडेना. तिथे तुमची आठवण आली.

ते नाव तुमच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर माझ्याकडून काढून घेतलं होतं. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. माझं आणि सासूबाईंचं नाव एकच निघालं, एवढंच. एका घरात एका नावाच्या सासू-सुना चालत नाहीत. सुनेला हाक मारायची म्हणजे सासूचं नाव घेतल्यासारखं, आणि ते घेणार कोण? तुम्ही तर घेणारच नव्हता. तुमच्या तोंडी त्या 'आगं ए' होत्या, 'ऐकलंस का' होत्या, पाहुण्यांसमोर 'आमची मंडळी' होत्या. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, अख्ख्या पलटणीची नावं खड्या आवाजात पुकारलेला, पण बायकोचं नाव म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. मग ताटात तांदूळ पसरले, अंगठीने त्यात दुसरं नाव लिहिलं गेलं, आणि माधवनगरच्या गिरणीतल्या कारकुनाची लेक कोरेगावजवळच्या तुमच्या ऊसवाल्या घरात त्या नावाने वावरायला लागली. सांगलीच्या एका साप्ताहिकात माझ्या दोन-चार गोष्टी छापून आल्या होत्या त्या जुन्या नावाने. त्या मुलीला मी तिकडेच ठेवून आले, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पण लिहिण्याची खोड काही जात नाही. तुमचे चिरंजीव फौजेत, पठाणकोटला, वर्षातून एकदा घरी. दुपारी सगळे शेतावर गेले की मी चुलीपुढच्या पाटावर कागद ठेवून लिहायची, आणि कडीचा आवाज आला की कागद परातीखाली. असं करत करत कादंबरी झाली. मग ती छापणार कोण, हा घोर लागला. पुण्याचे एक नाव असलेले प्रकाशक होते, त्यांना पाठवली. उत्तर फार सभ्य आलं. लेखन आवडलं, पण दिवस वाईट आहेत, कागद महागला, एकेक मासिक बंद पडतंय, नव्या लेखिकेची कादंबरी हाती धरवत नाही. दोनेक वर्षं थांबावं. दुसरे एक प्रकाशक मात्र लगेच तयार. ते फक्त भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांसाठी कादंबऱ्या काढायचे, आणि त्या वर्षांत त्यांचीच चलती होती. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली बाई असली की आत काय आहे ते कुणी विचारत नसे. त्यांच्या अटी होत्या. माझी माणसं 'न्हाई', 'व्हय' म्हणतात ते सगळं शुद्ध करायचं. नायिका शेवटी नवऱ्याच्या पाया पडते असं करायचं. आणि पुस्तकावर नाव माझं नाही, तर त्यांच्या एका लोकप्रिय लेखिकेचं. ही लेखिका म्हणजे कुणीच नव्हती. चार-पाच जण मिळून त्या एका नावाखाली लिहायचे.

तुम्हाला आज खरं सांगते, मी तयार झाले होते. थांबले तर कादंबरी परातीखालीच राहिली असती. आणि या अटी मान्य केल्या तर साताऱ्यापासून सांगलीपर्यंत प्रत्येक वाचनालयात माझं पुस्तक गेलं असतं, माझ्या शाळेच्या मैत्रिणींनी ते वाचलं असतं, फक्त त्यांना ते माझं आहे हे कळलं नसतं. एकदा नाव बदललेल्या बाईला दुसऱ्यांदा बदलायचं काय दुखणार, असं मी मनाला विचारायची. मन गप्प बसायचं. मी त्याला होकार समजत होते.

तुम्हाला ते कळलं ते सासूबाईंकडून. तुम्ही गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून दाव्याला पीळ घालताय आणि मी पाण्याचा तांब्या ठेवून वळतेय, तेवढ्यात तुम्ही मान वर न करता विचारता, "पोरी, पुस्तक निगतंय म्हनं. नाव कुनाचं हाय त्याच्याव?"

"त्यांच्या एका लेखिकेचं."

"ती कोन?"

"कोणी न्हाई, मामंजी. नुसतं नाव आहे. चार-पाच जण लिवत्यात त्या नावानं."

तुमचा हात थांबला. "फौजेत हजेरीला दुसऱ्याच्या नावावं 'हजर' म्हनलं तर काय करत्यात ठावं हाय? क्वार्टर गार्डात घालत्यात. कोठडी. आनि ज्याचं नाव हाय त्याला बी घालत्यात. इथं तर ज्याचं नाव त्योच जन्माला आला न्हाई." पुन्हा पीळ घालायला लागलात. "आपल्याला न्हाई पटत. फुडं तुजं तू बघ."

मला राग आला. आयतं बोलायला काय जातं, असं वाटलं. तुम्हाला कादंबरीतलं ओ का ठो कळत नव्हतं. रामाच्या पोथीपलीकडे तुम्ही काही वाचल्याचं मी पाहिलं नव्हतं, आणि कोण छापणार या प्रश्नाला तुमच्या हजेरीत उत्तर नव्हतं. पण तुम्ही रात्रीच्या जेवणाला उत्तर घेऊनच बसलात. त्या उन्हाळ्यात वन्संचं लग्न ठरलं होतं. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "औंदा टावेल-टोपी द्यायची न्हाई कुनाला. तेवढ्यात पोरीचं पुस्तक छापू आनि मानाला पुस्तकच देऊ."

सासूबाईंच्या हातातली कालवणाची पळी तशीच राहिली. लग्नात मानाच्या पाहुण्याला टॉवेल-टोपी नाही म्हणजे पुढच्या तीन पिढ्यांचं भांडण, हे त्यांना चांगलं माहीत. "आवं, लोक काय पुस्तक डोक्याला बांधत्यात व्हय?"

"टोपी डोक्याव घालत्यात, पुस्तक डोक्यात घालायचं," तुम्ही म्हणालात. "लय वर्सं लोकास्नी टोप्या घातल्या. आता कायतरी खरं देऊ." आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने जेवत राहिलात की हसावं की नाही ते आम्हा दोघींना कळेना.

सांगलीला आपण गाडीने गेलो. तुम्ही एका बाकावर, मी पदर सावरून समोरच्या, मांडीवर कागदांचं गाठोडं. माधवनगर आलं तेव्हा मी खिडकीतून गिरणीचं धुराडं बघत होते आणि तुम्ही मुद्दाम दुसऱ्या खिडकीबाहेर बघत होता, मला डोळे पुसता यावेत म्हणून. गावभागातला छापखाना म्हणजे एक लांबट खोली. हळदीच्या व्यापाऱ्यांची पावती-पुस्तकं आणि सिनेमाच्या जाहिराती छापणारा. कादंबरी त्याने कधी केली नव्हती, पण नाही म्हणाला नाही. बोटं शाईने काळी, कानावर पेन्सिल. कागद कोणता, किती प्रती, सगळं झालं आणि त्याने विचारलं, "बाई, मुखपृष्ठावर नाव काय घालायचं?"

तांदळातलं नाव सांगू तर ते लिहिणारीचं नव्हतं. जुनं सांगू तर ते तुमच्यासमोर सासूबाईंचं नाव, सुनेने कसं घ्यायचं? मी नुसती जमिनीकडे बघत राहिले. मागे पायाचं यंत्र खडखडतंय, हळदीच्या पावत्या पडताहेत. तुम्ही स्टुलावर बसला होतात. घसा खाकरलात. आणि हजेरी पुकारावी तसं ते नाव पुकारलंत.

यंत्र चालवणाऱ्याचा पाय थांबला. छापखानेवाल्याने निमूट लिहून घेतलं. तो आवाज ऐकून 'काय म्हणालात' असं विचारायची कुणाची छाती झाली नसती. "आडनाव आमचं घाला," तुम्ही आवाज जरा खाली आणून म्हणालात. "पयलं नाव तिच्या बापानं ठिवल्यालं हाय. आमच्यात यायच्या आदीपास्नं ह्या नावानं लिवतीया ती." म्हणजे बघायला आलात तेव्हा माझ्या वडिलांनी कौतुकाने पुढे केलेलं ते साप्ताहिक तुम्ही नुसतं चाळलं नव्हतं. तुमचे कान मिरचीसारखे लाल झाले होते. परतीच्या गाडीत मी इतकी सुखात होते की माधवनगर कधी मागे गेलं ते कळलं नाही.

पण घोटाळा आपल्या दोघांच्याही लक्षात आला नाही, आणि तो आपल्याच माणसांनी करावा असा होता. पहिलं नाव माझं, आडनाव तुमचं: म्हणजे मुखपृष्ठावर सरळ सरळ सासूबाईंचं नाव छापून आलं. माझं जुनं नाव भावकीत कुणाला ठाऊक? लग्नाच्या मांडवात पहिलं पुस्तक तुमच्या थोरल्या चुलतभावांच्या हातात गेलं. ते टोपीसाठी डोकं वाकवून उभे होते. त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि म्हणाले, "आरं गड्या, ह्ये तर सुभेदारनीचं नाव हाय." पुढची पंगत उठायच्या आत सगळ्या मांडवाला कळलं की सुभेदाराच्या बायकोने कादंबरी लिहिली. बायकांनी सासूबाईंना घेरलं. "आवं, कवा लिवलंसा एवढं?" त्या आधी न्हाई न्हाई म्हणाल्या, मग घाबरल्या, आणि दुपार कलता कलता मी माझ्या कानांनी ऐकलं, "भाकरी थापता थापता लिवलं, बाई. बसायला कुटं सवड हुती?"

मी बुंदीचं ताट तिथेच ठेवून मागच्या परड्यात गेले आणि रडले. एवढं करून नाव मिळालं, ते पुन्हा हातातून गेलं होतं, आणि या वेळी माझ्याच घरात. तुम्ही कसे कोण जाणे मागे आलात. लांबच उभे राहिलात. सासऱ्याने सुनेजवळ जाऊन समजूत घालायची रीत नव्हती. थोड्या वेळाने म्हणालात, "एका नावावं दोगी हजर झाल्या. फौजेत ह्याला काय शिक्षा असती ते मला बी ठावं न्हाई, पोरी." मला रडता रडता हसू आलं. मग तुम्ही मांडवात जाऊन चुलतभावांना खरं काय ते सांगितलंत. निम्म्यांनी विश्वास ठेवला. उरलेले शेवटपर्यंत सासूबाईंनाच लेखिका मानत राहिले, आणि आता त्यांची नातवंडंसुद्धा मानतात.

ती पुस्तकं कुठे कुठे गेली, मामंजी. वाचनालयवाला प्रकाशक कधी पोचला नसता तिथे. कुणी ती देवापाशी ठेवली, कुणी पोरांच्या दप्तराला आधार म्हणून घातली. पण औंधच्या एका मास्तरांनी ती देवळाच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवली, आणि ऐकणाऱ्या बायकांनी नायिका शेवटी सासरी परत का जात नाही यावरून दोन दिवस वाद घातला. तो वाद कुणीतरी मला येऊन सांगितला, तेव्हा आपण लेखक झालो असं मला पहिल्यांदा वाटलं. पुढे पुण्याच्या त्या सभ्य प्रकाशकांनीच माझी बाकीची पुस्तकं काढली. आता तेही नाहीत, गावभागातला छापखाना नाही, शिशाच्या अक्षरांचे खिळे मोडीत गेले. हल्ली लिहिणारी मुलं मला विचारतात, आजी, पुस्तक कुठून काढू? कुणाकडे द्यावं हे मला कुठे ठाऊक आहे. मी एवढंच सांगते की नाव स्वतःचं घाला.

हे पत्र कुठे जायचं नाही हे मलाही कळतं. त्या मुलाने पाठवलेल्या कराराच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय, तो कागद बहुधा त्यालाच परत द्यावा लागेल. तोवर एक राहिलेलं सांगते. तुम्ही गेलात त्या वर्षीची गोष्ट. सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात हुलगे निवडत बसलो होतो. त्यांनी सुपातून नजर न काढता विचारलं, "ह्यांनी छापखान्यात माजं नाव घेतलं व्हतं म्हनं."

"व्हय."

"समद्यांम्होरं?"

"व्हय, आत्याबाई."

त्यांनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "कसं घेतलं? म्हनून दाव की."

सासूचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. पण तुमच्यासारखं पुकारून नाही, तसं सांगवेना. हळू घेतलं. त्यांचे हात सुपात थांबले. "एकदाच?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "यंत्राच्या आवाजात छापखानेवाल्याला ऐकू गेलं नाही, म्हणून मामंजींनी दोनदा घेतलं."

तुम्ही एकदाच घेतलं होतं, मामंजी. दुसरं मी माझ्या पदरचं घातलं.