मिनीबसमधली शीळ

३ मार्च, सोमवार

परत ११.८ व्होल्ट! इंजिन चालू, एसी चालू, गाणं चालू — आणि बासचा ठोका पडला की हेडलाइट डोळे मिचकावतात. मिनीबसवाल्या बाई लाइटकडे बघत उभ्या, मी मीटरकडे. बाईंच्या सहा मिनीबस आहेत. ही पहिली पसंत पडली तर उरलेल्या पाचांचंही काम माझ्याकडे, नाहीतर एकीचंही नाही. सरळ तोंडावर सांगितलंय.

गाडी बंद असताना बॅटरी १२.६ दाखवते, म्हणजे ठणठणीत. नुसतं इंजिन लावलं की १४.२, म्हणजे अल्टरनेटरही चार्जिंग करतोय. पण दोन अँप्लिफायर एकदम ओढायला लागले की तो मूळचा नव्वद अँपिअरचा अल्टरनेटर किती पुरा पडणार? वाढणारा एक आणि जेवायला बसलेले दहा, अशी गत.

आणि धाकटा भाऊ नेमका आत्ता रजेवर. सासऱ्यांचं ऑपरेशन आहे, बोलायची सोय नाही. दुकानात मी एकटा.

४ मार्च, मंगळवार

धाकट्याचा हॉस्पिटलमधून फोन. "दादा, आधी गेन कमी कर. मीटर लावून सेट कर." म्हणजे अँप्लिफायर आवाज किती फुगवतो ते बटण मी मीटर बघून फिरवायचं! तीस वर्षं कानाने सेट करतोय. अख्ख्या लाइनीत मला 'कान' म्हणतात. गाडीत आवाज बसवायचा तर कानाकडे ने, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगतात. आणि हा मला शिकवतोय.

फोन ठेवला. मोठा अल्टरनेटर मागवला.

६ मार्च, गुरुवार

एकशेऐंशी अँपिअरचा आला. ब्रॅकेट बसेना. ते बसवलं तर बेल्ट आखूड! बेल्ट आणायला दुपार गेली, नट आवळताना दोन बोटांची सालं गेली. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत अंगठ्याएवढी जाड केबल टाकली. चार वाजता पूर्ण आवाज लावून बघितलं — १३.६. हेडलाइट ढिम्म हलले नाहीत. बाई घेऊन गेल्या.

घरी येऊन जरा टेकतो तोच हिचं सुरू. "कुरिअरवाला कधीचा बेल वाजवतोय, तुम्ही दाराशेजारी बसलाय, उठवत नाही?" माणूस दमलाय, एवढंही दिसत नाही या घरात कुणाला.

७ मार्च, शुक्रवार

बाई सकाळी साडेनऊला दारात.

"मिस्त्री, लाइट झाले ठीक. पण आता शीळ येते."

"कसली शीळ?"

"बारीक. स्पीकरमधून. ॲक्सिलरेटर दाबला की वर चढते, सोडला की उतरते."

शेजारी बसून दोन फेऱ्या मारल्या. काही नाही! म्हटलं, इंजिनचा आवाज असेल. तर म्हणतात, "पंधरा वर्षं गाड्या चालवतेय मी. इंजिनचा आवाज मला नका सांगू."

अल्टरनेटरची शीळ स्पीकरमध्ये शिरते, हे मला का माहीत नाही? अर्थिंग कच्चं राहिलं की शिरते. शेकडो गाड्यांमधली काढलीय मी. पण असली तर ऐकू यायला नको?

८ मार्च, शनिवार

बाईंचा ड्रायव्हरही शीळ म्हणतो. पढवून आणलाय.

१० मार्च, सोमवार

बाईंच्या समाधानासाठी एक फिल्टर लावून दिला. विचारलं, गेली? "आहे तशीच आहे." ट्रेबल, म्हणजे गाण्यातला बारीक आवाज, थोडं वाढवून दिलं, म्हटलं, गाणं जरा स्वच्छ होईल. तर कानावर हात ठेवून खालीच उतरल्या! आता माणसाने करायचं तरी काय? नसलेली गोष्ट दुरुस्त कशी करतात, ते कुणीतरी येऊन शिकवा मला.

जाताना म्हणाल्या, "बुधवारपर्यंत बघा. नाहीतर सगळं काढून घ्या, मी दुसरीकडे जाते."

पाच गाड्या. आणि त्याहून जास्त म्हणजे लाइनीत बोभाटा — कानाने बसवलेलं काढून टाकलं म्हणून.

१२ मार्च, बुधवार

धाकटा आला. बाई आल्या. ही डबा घेऊन आली होती, तिलाही थांबवलं. म्हटलं, तीन साक्षीदार होऊन जाऊ देत. गाणं लावलं, इंजिन चालू केलं, ॲक्सिलरेटर दाबला.

तिघांची तोंडं एकदम वाकडी झाली.

सोडला, सैल झाली. परत दाबला, परत वाकडी. मी चारदा केलं. मला गाणं ऐकू येत होतं, बास तर पोटात घुमत होता. बाकी काही नाही. ही माझ्याकडे बघायला लागली तेव्हा इंजिन बंद केलं.

धाकट्याने मागची सीट उचलली. अँप्लिफायरची अर्थिंगची वायर सरळ रंगावरच आवळलेली. मीच आवळलेली. घाईत रंग खरवडायचा राहिला, असं पूर्वीही व्हायचं. पण तेव्हा गाडी सुरू केली की कान सांगायचा. त्याने पत्रा घासला, बोल्ट परत पिळला. "गेली," बाई म्हणाल्या. मग त्याने गेन अर्ध्यावर आणला, ट्रेबल जवळजवळ शून्यावर. मीटरवर १४.१. मला कळलं. जुन्या अल्टरनेटरनेही भागलं असतं.

बाई गेल्यावर विचारलं, एवढा सराईत हात कसा काय चालला तुझा?

पाना पुसायला लागला. मग म्हणाला, "दोन वर्षं करतोय, दादा. तू दुपारी घरी गेलास की. प्रत्येक गाडी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार? तुला सगळे कान म्हणतात."

पाना आपटला मी. त्याला नाही नाही ते बोललो. दोन वर्षं माझ्या पाठीमागे माझं काम निस्तरत होता आणि मी गिऱ्हाइकांसमोर मिशीला पीळ देत होतो. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. डबा तसाच परत नेला.

१३ मार्च, गुरुवार

उरलेल्या पाच गाड्या सोमवारपासून आपल्याकडे. बाईंनी फोन धाकट्याला केला.

१५ मार्च, शनिवार

ही आणि धाकटा, दोघे मला दवाखान्यात घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला सात-आठदा दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मशीन बिघडलं असेल, म्हणून गप्प बसून राहिलो. शेवटी डॉक्टरबाईंनी दार उघडलं, म्हणाल्या, झालं.

मी विचारलं, मधे बंद पडलं होतं का?

"नाही काका. चालूच होतं."