तीनदा म्हणायचा शब्द

प्रिय मामा,

तुमचा मोबाइल आता माझ्याकडं नाही. परवा मामीनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि कपाटात तुमच्या इस्त्रीच्या शर्टांखाली ठेवून दिला. म्हणून हे कागदावर लिहितोय. बारावी अर्धवट सोडल्यापासून मी पेन धरलेला नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. उद्या सकाळी एक काम करायला निघायचंय. त्याच्या आधी झालेलं सगळं तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं असं वाटलं. दुसरं कोणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही.

तुम्ही गेल्यावर मामीनं तो मोबाइल मला दिला होता. माझ्याच्या काचेचा पार भुगा झालेला. म्हणाली, "हा वापर. पण नंबर बंद पडू देऊ नको. अन् त्यांचा फोटो तेवढा काढू नको." फोटो म्हणजे तुमचा विमानतळाच्या टॉवरमधला, कानाला हेडफोन लावलेला. तो तसाच राहिला. कॉलनीच्या ग्रुपमध्येही तुमचं नाव तसंच राहिलं. कोणाचाच हात झाला नाही काढायला.

गेल्या आठवड्यात खानसाहेबांचा फोन आला. तुम्ही चिकलठाणा विमानतळावर टॉवरमधून विमानांशी बोलायचा तेव्हा तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे ते. म्हणाले, "नितीन बेटा, विमान पळवल्याचा सराव है अपना. प्रवासी म्हणून बसायला पोरं पाहिजेत. तेरे मामा की जगह तू आजा." मी तेव्हा बिडकीनला होतो. शेंद्र्याची नोकरी सोडून तिकडं एकाच्या टेम्पोवर बसत होतो. टेम्पोवाला बरा होता, फक्त गाणी एकच एक लावायचा. ते जाऊ दे. मी आलो.

खरं सांगू? तुमच्यासाठी नाही आलो. मजा बघायला आलो.

तुम्ही हे सगळं मला जेवताना शिकवलं होतं, आठवतं? ताट म्हणजे विमानतळ. आमटीची वाटी म्हणजे पळवलेलं विमान. ती उचलून तुम्ही ताटाच्या पार कडेला ठेवायचा, बाकी विमानांपासून आणि माणसांपासून लांब. "पायलटला तोंडानं सांगता येत नाय," तुम्ही म्हणायचा, "मागं पिस्तूलवाला उभा असतो. तो गुपचूप एक आकडा लावतो, तो आपल्या पडद्यावर दिसतो. आपण साध्या आवाजात एकदाच विचारायचं, हाच आकडा लावलाय का. हो म्हणाला की पुढं एक प्रश्न नाय. किती जण, कोण, कशासाठी, काही नाय. ऐकायला मागं तो पिस्तूलवालाच असतो."

मग फोन सुटायचे. विमानतळाचे साहेब, पोलीस, कलेक्टर, दिल्ली. ज्याला निरोप दिला त्यानं तो शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचा, तेव्हाच तो पोचला असं धरायचं. सगळे मोठे लोक एका खोलीत बसायचे, पण विमानाशी बोलायचा एकच जण. बाकीच्यांना जे सुचेल ते त्यांनी त्याच्या कानात सांगायचं. बाहेर कोणाला काय सांगायचं तेही एकाच तोंडानं, आणि प्रवाशांच्या घरच्यांना सगळ्यात आधी.

आणि सराव असला तर प्रत्येक निरोपाच्या आधी तीनदा म्हणायचं, एक्सरसाइज, एक्सरसाइज, एक्सरसाइज. मी विचारलं होतं, "तीनदा कशाला मामा? एकदा बास की."

"पहिला खोकल्यात जातो," तुम्ही म्हणालात. "दुसरा अर्धा ऐकू येतो. तिसरा कानात बसतो. त्याच्याशिवाय पुढचं एक अक्षर बोलायचं नाय."

घरातही तुमचं तेच. मामी म्हणायची, दूध अन् कोथिंबीर. तुम्ही चपला घालता घालता म्हणायचा, दूध अन् कोथिंबीर. ती व्हय म्हणाली की मगच उंबरा ओलांडायचा. मी किती हसायचो त्याला.

तर सराव. विमान म्हणून एक जुनी बस धावपट्टीच्या पार टोकाला उभी केलेली. चढायच्या आधी सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत घेतले. मी माझा फुटका टाकला. तुमचा खिशातच ठेवला. कोणाला संशय येणार? तुमचा भाचा मी.

आमच्यात बसलेल्या अधिकाऱ्याच्या वॉकीटॉकीवर निरोप यायला लागले. एक्सरसाइज, एक्सरसाइज, एक्सरसाइज, आणि मग तो आवाज: विमानाचं अपहरण झालंय, कडेच्या जागेवर उभं केलंय, आत प्रवासी आहेत. अंगावर काटा आला. मी सीटच्या आडून रेकॉर्ड केलं. ऐकून बघितलं तर सुरुवातीचे तीन शब्द सगळी मजा घालवत होते. ते मी कापले. खाली लिहिलं, "आत्ता, चिकलठाणा." आणि कॉलनीच्या ग्रुपवर सोडून दिलं.

मी सोडलं, पण गेलं तुमच्या नावानं, मामा. तुमच्या फोटोखाली.

दुसऱ्या कोणी टाकलं असतं तर लोक म्हणाले असते, काहीतरी फालतू. तुमच्या नंबरवरून आलेलं कोण फालतू म्हणणार? जन्मभर तुम्ही खात्री केल्याशिवाय पावसाचासुद्धा अंदाज सांगितला नाही. शेजारच्या काकू विचारायच्या, "भाऊजी, वाळवण घालू का?" तर तुम्ही म्हणायचा, "घाला. पण मी अजून वर बघितलेलं नाय." त्या माणसाच्या तोंडून मी ओरडलो.

थोड्या वेळानं खिशात मोबाइल थरथरला. पडद्यावर 'घर'. मामीचा नंबर तुम्ही त्याच नावानं ठेवलाय. मी कट केला. परत आला. परत कट केला. बसमध्ये तेव्हा एक पोरगा अतिरेकी झाला होता, तो दाढी चिकटवून आलेला आणि दाढी सारखी गळत होती. मी हसण्यात होतो.

तुमची लेक, सविताताई, त्याच दुपारी हैदराबादहून यायची होती. विमानानं, लेकराला घेऊन, पहिल्यांदाच. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. आणायला जायचं कबूलसुद्धा मीच केलं होतं. सराव संपला की तसाच गेटवर जातो म्हणालो होतो.

ताईचा फोन हवेत बंद. माझा टोपलीत. तुमच्यावर आलेले फोन मी कापत बसलेलो. मामी रिक्षा करून विमानतळावर आली, अनवाणी. गेटवरच्या जवानानं सांगितलं, "मावशी, सराव आहे, काही झालेलं नाही." तिनं त्याला मोबाइल दाखवला. म्हणाली, "ह्यांच्या नंबरवरून आलंय. हे खोटं सांगत नाहीत."

तुम्ही नाहीत हे तिला माहीत नव्हतं का, मामा? तरी ती असं म्हणाली.

तिच्यासारखे आणखी आले. विमानतळाचे फोन खऱ्या रडण्यानं भरून गेले. सराव मध्येच थांबवावा लागला. मला बसमधून उतरवलं तेव्हा खानसाहेब समोर उभे होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "बेटा, वो तीन लफ्ज़ तेरे मामा की रोटी थे." मग पोलिसांनी जबाब घेतला. पुढं काय व्हायचं ते होईल, त्याचं मला काही नाही.

ताईचं विमान सुखरूप उतरलं. ती लेकरू खांद्यावर घेऊन बाहेर आली तर आई गेटपाशी जमिनीवर बसलेली. "आई, अगं काय झालं? चपला कुठायत?" मामीनं लेकराचे पाय हातात धरले आणि धरूनच ठेवले.

रात्री मी म्हणालो, "मामी, तुझे फोन मी उचलायला पाहिजे होते."

ती भाजी निवडत होती. वर बघितलं नाही. म्हणाली, "मी तुला नव्हता लावला. ह्यांना लावला होता."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते. ताट सरकवते. मी दोनदा पिशवी भरली, हर्सूलच्या मित्राकडं जाऊन पडावं म्हणून. तुम्ही मला भटक्या म्हणायचा ते उगाच नाही. नोकरी अवघड झाली की मी निघतो, माणूस रुसलं की निघतो. यावेळी पिशवी भरली आणि आठवलं, तुम्ही एक गोष्ट शेवटी सांगितली होती आणि मी ती अर्धवट ऐकलेली. सराव संपला की तेही सांगावं लागतं. ज्याला ज्याला सुरू झाल्याचं कळवलं, त्या प्रत्येकाला. तो परत म्हणून दाखवेपर्यंत टॉवरमधल्या माणसानं खुर्ची सोडायची नाही.

माझा तो सराव अजून चालूच आहे, मामा. ग्रुपवर कोणीतरी 'अफवा होती' असं टाकलंय, पण कोणाची अफवा ते कोणी लिहिलं नाही. काही घरांत अजून तुमच्या नावाचीच आहे.

उद्यापासून मी दारोदार जाणार. फोनवर नाही, पायी, कॉलनीतलं प्रत्येक घर. सांगणार, "ते खोटं होतं, मामांनी नाही, नितीननं पाठवलं." त्यांनी परत म्हणून दाखवल्याशिवाय पायरी उतरणार नाही. शिव्या देतील, देऊ देत. शिव्यांनंतर म्हणायला लावीन.

आपलं घर शेवटी. मामीपुढं उभं राहून तेच म्हणेन. ती परत म्हणेल का? मला नाही वाटत. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणेन, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिनं व्हय म्हणेपर्यंत हा उंबरा ओलांडून मी कुठंही राहायला जाणार नाही. हा माझा शब्द.

माझ्याच नावानं,
नितीन